गोडपाणी

टक.

शालूनं चमचा वाटीच्या कडेला ठेवला. वैशाखातल्या भर दुपारी आमच्या सिन्नरच्या माळावर पाखरूसुद्धा बोलत नाही. मी निरांजन आवरत होते, निशिकांत खिडकीला ओला पडदा बांधत होता. त्या शांततेत तो चमचा मला फार मोठ्यानं ऐकू आला.

“काय झालं गं?”

“झालं माझं.”

वाटीत अर्धी खीर तशीच होती. दुधीची खीर, तिची लाडकी. आज तिथीनं तिचा वाढदिवस होता, पाच पूर्ण. नैवेद्य दाखवून पहिली वाटी तिला दिली होती, आणि एरवी ही मुलगी वाटी चाटूनपुसून घासायच्या लायकीची ठेवत नाही.

“पुढून गोड आहे,” ती म्हणाली, “पण मागून काहीतरी येतंय.”

“काय येतंय?”

तिनं जीभ बाहेर काढून आत घेतली. शब्द शोधताना ती अशीच करते. “माहीत नाही. त्याला नाव नाहीये.”

“वेलदोडा असेल मागून येणारा,” निशिकांत पडद्याआडून म्हणाला. “तुझी आई मूठभर टाकते.”

“नको मला.”

“शालू, प्रसाद टाकायचा नसतो,” मी म्हणाले. “नाटकं नकोत. संपव बघू. पाचच घास. हा एक...”

तिनं नाक दाबून पाच घास खाल्ले. पाचव्यानंतर माझ्याकडे बघितलं, शाबासकीसाठी. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि माझी वाटी पुढे ओढली.

दूध. साखर. वेलदोडा. आणि मग जिभेच्या मुळाशी, घशाच्या दारात, ते आलं. मी जवळजवळ आठ वर्षांनी त्याला भेटत होते, पण ओळख पटायला क्षणही लागला नाही. मी देवासमोरच तोंडातली खीर ओंजळीत थुंकले.

“निशी, गाडी काढ.”

“अगं पण...”

“गाडी काढ!”

आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत शालूला पहिली उलटी झाली होती.

*

मी नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाही. आमच्याकडे कुणीच चाखत नाही; आधी देवाला, मग माणसाला. माझी आईही चाखत नसे. पण ती दुधी चिरायला घेतला की देठाकडची एक पातळ चकती काढायची, जिभेच्या टोकावर ठेवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि थुंकायची. मग चूळ भरायची, हात धुवायची आणि त्यानंतर सोवळ्याचा स्वयंपाक सुरू व्हायचा. काकडीचं, दोडक्याचंही तसंच. लहानपणी मला वाटायचं की हाही पूजेचाच भाग आहे.

मोठी झाल्यावर कळलं, तो तपासणीचा भाग होता. काकडी, दुधी, दोडका या एकाच घरातल्या भाज्या. यांच्या रानटी पूर्वजांना कुणी खाऊ नये म्हणून विष बनवता यायचं. माणसानं हजारो वर्षं निवडून निवडून गोड वेल लावले. पण विषाची कृती त्यांच्या पेशीत अजून लिहिलेली आहे. फार ऊन लागलं, पाणी तुटलं, मुळांना इजा झाली की एखादा वेल घाबरतो आणि जुनी कृती काढतो. फळ दिसायला तसंच, हिरवंगार, कोवळं. फक्त कडू. शिजवूनही ते विष जात नाही.

मी वनस्पतिशास्त्रात काम केलं ते या कृतीवर. पेशी ती कृती थेट वापरत नाही, आधी तिची नक्कल एका चिठ्ठीवर उतरवून घेते, आणि चिठ्ठी वाचून रसायन बनवते. आम्ही एक फवारा तयार केला, ज्यातले कण नेमकी तीच चिठ्ठी ओळखतात आणि फाडतात. बाकी झाडाला काही होत नाही. ते वाढतं, फुलतं, फळतं. त्याला कडू मात्र होता येत नाही. पानांवर फवारा मारला की बारा दिवस पुरतो.

आमच्या हरितगृहातल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं गोडपाणी.

आठ वर्षांत गोडपाणी कुठे कुठे गेलं! कारल्याला, मेथीला, वांग्याला, प्रत्येकाच्या वेगळ्या चिठ्ठीसाठी वेगळं. माळावर एकाला एक लागून चाळीस हरितगृहं उभी राहिली. आत नारळाच्या भुशात मुळं, दोरीवर चढलेले वेल, थेंब मोजून पाणी, संध्याकाळी उमलणाऱ्या दुधीच्या पांढऱ्या फुलांना नर फूल हातानं टेकवत फिरणाऱ्या बायका. अंगणवाडीतली पोरं भाजी मागून खायला लागली. ज्या आया ताटातली भाजी उचलून स्वतः संपवायच्या, त्या मला रस्त्यात थांबवून सांगायच्या, “मॅडम, रक्त वाढलंय हो पोराचं.” औषधंही तोवर गोड चकत्यांची झाली होती. पाडव्याला कडुनिंबाचं पान आम्ही ताटाला नुसतं टेकवायचो.

शालूच्या तोंडात पाच वर्षांत कडू काही गेलंच नव्हतं. त्याला नाव नाहीये, असं ती म्हणाली ते अगदी खरं होतं. ते नाव मीच तिच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं.

*

डॉक्टर साठीचे होते. शालूच्या हाताला सलाईन लावताना त्यांनी विचारलं, “काय खाल्लं होतं?”

“दुधीची खीर. दुधी कडू होता.”

त्यांनी मान वर केली. “पूर्वी असे पेशंट बघितलेत. सकाळी दुधीचा रस पिणारे. हल्ली विसरलोच होतो.” मग माझ्या पर्सला अडकवलेल्या ओळखपत्राकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी सलाईनचा वेग वाढवला. “रक्तदाब उतरलाय. पाणी भरतोय. पुढचे पाच-सहा तास बघू. किती खाल्लं?”

“अर्धी वाटी स्वतःहून,” मी म्हणाले. “आणि पाच घास मी सांगितले म्हणून.”

शालू पांढरी पडली होती. ओठ सुकले होते. निशिकांत तिच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत होता. तो चित्रकलेचा शिक्षक आहे, त्याच्या नखांत कायम रंग असतो. त्या दिवशी पिवळा होता. मी त्या पिवळ्याकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघितलं की मला ते पाच घास दिसत होते.

मग मला ती चिकटपट्टी दिसली, डोळ्यांसमोर. दुधीच्या देठावर चिकटवलेली, सालं काढताना मी सोलून टाकलेली. त्यावर लिहिलं होतं, ओळ ११.

प्रत्येक तोडणीतला एक दुधी पाळीनं कामावरच्या एकाला घरी मिळतो; आज पाळी माझी होती. सकाळी अकराव्या ओळीची तोडणी झाली होती. बाकीचे कुठे गेले हे मला फोन न करताही माहीत होतं, वाटपाचा तक्ता माझ्याच सहीचा होता. नऊ अंगणवाड्या. आज गुरुवार, चार वाजता दुधीचे मुटके.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

*

“खीर नासली असेल, ऊर्मिला,” आमचे संचालक अवधूतसर फोनवर म्हणाले. “शेहेचाळीस डिग्रीत दूध किती टिकणार?”

“सर, मी चाखली.”

“तू घाबरली आहेस, साहजिक आहे. नमुना प्रयोगशाळेत पाठव. उद्या संध्याकाळी आकडा हातात येईल, मग बोलू.”

“पोरं चार वाजता खाणार आहेत.”

ते वाईट गृहस्थ नाहीत. शालूच्या बारशाला त्यांनी स्वतः पाळणा सजवला होता. “हे बघ,” ते म्हणाले, “एकदा लोकांच्या कानावर गेलं की गोडपाण्यात विष आहे, की संपलं. गोडपाण्यात विष नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण ऐकणारा एवढं ऐकत नाही. तीनशे बायका आहेत आपल्याकडे. आणि पुन्हा पोरं भाजी ताटाखाली लपवायला लागतील. तू आत्ता आई म्हणून बोलते आहेस.”

“हो,” मी म्हणाले. “आई म्हणूनच बोलतेय.”

आई म्हणून बोलतेय हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले खरी, पण त्याच आईनं दुपारी पाच घास खायला लावले होते.

मी दुसरा फोन हौसाबाईंना लावला.

हौसाबाई आमच्या चाखणाऱ्या होत्या. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक तोडणीला त्या ओळीओळीतून फिरायच्या, कमरेला चाकू, एक चकती काढायची, जिभेवर टेकवायची, थू. दोन वर्षांपूर्वी मी ते बंद केलं. उष्ट्या चाकूनं फळ कापणं स्वच्छतेच्या नियमात बसत नव्हतं, आणि आकडे सांगत होते की तीन वर्षांत एकही फळ कडू निघालं नाही. मी भिंतीवर सूचना लावली, ‘फळ चाखू नये.’ हौसाबाईंना पॅकिंगला बसवलं.

“बोला मॅडम. पोरीचा वाढदिवस झाला का?”

“हौसाबाई, अकरा नंबरच्या ओळीत जा. आत्ता. आणि चाखा.”

“मला मनाई हाय ना? तुम्हीच कागद डकवलाय भिंतीला.”

“फाडा तो कागद.”

त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. चपलांचा आवाज, दाराच्या पट्ट्या सळसळल्याचा आवाज, पंख्यांची घरघर. मग चाकू लागल्याचा चर्रकन आवाज. मग थुंकणं. पुन्हा पावलं, पुन्हा चर्र, पुन्हा थुंकणं.

“मॅडम,” त्या परत बोलल्या तेव्हा आवाज बदललेला होता. “विख हाय हे. मधल्या सहा वेलांचं समदं विख. कडेचे बरे हायत.”

“सोमवारी पंखे बंद पडले होते ना?”

“पाच तास. लाईट नव्हती अन् जनरेटर पण घरघर करून बसला. आम्ही भायेर पळालो. वेल कुठं पळणार?”

वेल कुठं पळणार. आणि त्या वेलांवर शेवटचा फवारा मारून सतरा दिवस झाले होते. बारा नव्हे. बाराचे अठरा मी केले होते. चैत्रात फवारणीचा बंद पोशाख घालून दोन पोरी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा मी थंडीतल्या चाचण्यांचे आकडे काढून बसले. त्यात फवारा अठरा दिवस पुरत होता. पोरींचा त्रास कमी होईल म्हणून मी सही केली. थंडीत वेल घाबरत नाही, म्हणून फारशा चिठ्ठ्याही लिहीत नाही, हे मला कळायला हवं होतं. तापलेल्या काचेखाली पाच तास कोंडलेला वेल किती चिठ्ठ्या लिहील? सतरा दिवसांचा विरलेला फवारा त्यातल्या किती फाडील?

आमच्याकडे उष्णता मोजायला यंत्र होतं, ओल मोजायला होतं, पानांची जाडी मोजायला होतं. कडूपणा मोजायला काही नव्हतं. जे उरलंच नाही ते मोजायचं कशाला, असं आम्ही ठरवलं होतं.

*

नऊ अंगणवाड्या आम्ही वाटून घेतल्या. चार हौसाबाईंनी, पाच मी. मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभी राहून एकेक नंबर लावत होते आणि दारातून एक डोळा शालूच्या सलाईनवर.

पहिल्या चार ठिकाणी काम सोपं होतं. दुधी अजून कापले नव्हते. बाजूला ठेवा म्हटल्यावर त्यांनी ठेवले. पाचवीला उशिरा फोन लागला. तिथली मदतनीस मंजिरी, जेमतेम तेवीस वर्षांची.

“मॅडम, मुटके तर उकडायला लावले. पोरं ताटल्या घेऊन बसलीत. ऐकू येतंय ना गोंगाट?”

येत होता. पंचवीस-तीस पोरं ताटल्या वाजवत होती.

“देऊ नका. दुधी कडू असू शकतो.”

ती हसली. “काहीतरीच काय! आपला दुधी? तुमच्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की चाखायची गरज नाही. मी वहीत लिहून घेतलंय. पोरं भुकेजलीत हो, रडायला लागतील.”

“मंजिरी, एक मुटका मोड. कणभर जिभेवर ठेव. गिळू नकोस.”

“बरं,” ती म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून. झाकण उघडल्याचा आवाज आला. फुंकर. मग नुसताच पोरांचा गोंगाट.

“मंजिरी?”

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “हे काय आहे? ही चव विसरलेच होते मी.”

“हेच कडू.”

“तिखटमीठ एवढं घातलंय तरी... मी तर विचारच केला नसता. एखादं पोर नको म्हणालं असतं, तर मी म्हटलं असतं...”

ती काय म्हणाली असती ते मला माहीत होतं.

“पोरांना शेंगदाणे-गूळ दे,” मी म्हणाले. “मुटके पुरून टाक. कुत्र्यालाही घालू नकोस.”

हौसाबाईंच्या चारांपैकी एका ठिकाणी कडू निघाला, तोही वेळेत. एकाही पोरानं घास घेतला नाही. हे कळलं तेव्हा साडेचार वाजले होते. मी आत गेले, तर शालू डोळे उघडून छताकडे बघत होती आणि निशिकांत तिला कागदावर हत्ती काढून दाखवत होता.

“पाणी,” ती म्हणाली.

“हेच ऐकायचं होतं मला,” डॉक्टर म्हणाले.

*

अहवाल मी दुसऱ्या दिवशी लिहिला, शालूच्या खाटेशेजारी, ती झोपायची त्या तेवढ्या वेळात. अठरा दिवसांची सही माझी, चाखणं बंद केल्याची सूचना माझी, हे पहिल्याच परिच्छेदात. निशिकांतनं वाचला. “जनरेटर कुठाय यात?”

“तिसऱ्या पानावर.”

“पहिल्यावर घे की. निम्मा दोष त्याचा आहे.”

“जनरेटरनं तिला संपव म्हटलं नव्हतं.”

“ऊर्मी, हे अहवालात येतं का?”

“येत नाही,” मी म्हणाले. “म्हणून तर बाकीचं पहिल्या पानावर.”

मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. गोडपाणी उन्हाळ्यापुरतं थांबलं, आणि हौसाबाई पुन्हा ओळींतून फिरतात. आता त्यांच्या हाताखाली सहा पोरी शिकायला आहेत आणि दर फळाला चाकू उकळत्या पाण्यातून काढतात. बाजारात मेथी पुन्हा मेथीसारखी यायला लागली. परवा एक बाई मला भाजीच्या गाडीपाशी भेटली. तिचा मुलगा पंधरा दिवस पालेभाजीला शिवला नव्हता. “मॅडम, तुमची पोरगी बरी झाली, देवाची कृपा,” ती म्हणाली, “पण आमच्या पोरांचं काय करायचं ते सांगा.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

*

काल सकाळी हौसाबाई घरी आल्या. पिशवीत त्यांच्या परसातली कारली, कधी फवारा न बघितलेली, आखूड, काटेरी, गडद.

“कशी हाय माझी वाघीण?”

शालू त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. महिन्याभरात तिचा चेहरा भरला होता, पण ताटात काही वाढलं की ती आधी माझ्याकडे बघायची, मग ताटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. हे आधी नव्हतं.

मी ताटलीत कारल्याच्या पारदर्शक होतील इतक्या पातळ तीन चकत्या कापल्या. “शालू, तुला एक शब्द शिकवायचाय. जिभेवर ठेवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही.”

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. हौसाबाईंनी दुसरी चकती घेतली आणि कचकच चावून खाल्ली. “बघ, मी तर गिळते.”

शालूनं जीभ बाहेर काढली. चकती ठेवली. तिचा अख्खा चेहरा आवळला, डोळ्यांत पाणी आलं. तिनं ती माझ्या हातावर थुंकली.

“तेच!” ती ओरडली. “तेच आहे हे! मागून येणारं!”

“त्याला कडू म्हणायचं.”

“क-डू.” तिनं तो शब्द दोनदा-तीनदा म्हणून पाहिला. “म्हणजे विष?”

“नाही गं. कारल्याचं कडू चांगलं असतं. पोटाला, रक्ताला. उद्या भाजी करू, तू थोडी खाऊन बघ. दुधीचं कडू वाईट.”

“पण दोन्ही सारखंच लागतं.”

हौसाबाई हसल्या. “आता द्या उत्तर, मॅडम.”

मला उत्तर येतं, निदान पुस्तकातलं. जिभेवर कडू ओळखणारी पंचवीसेक प्रकारची कुलपं आहेत. वेगवेगळी कडू रसायनं त्यातल्या वेगवेगळ्या कुलपांत बसतात. पण आतून त्या सगळ्यांची तार जवळपास एकाच घंटेला जोडलेली आहे. कुठलंही उघडलं तरी घंटा तीच वाजते. कुठलं कडू तारतं आणि कुठलं मारतं, हे जीभ सांगत नाही. ते बाजूला बसलेलं माणूस सांगतं. आई सांगते.

मी हे तिला तिच्या भाषेत सांगितलं. कुलपं, तारा, घंटा. शेवटचं वाक्यही सांगितलं, जरा चाचरत. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, हौसाबाईंच्या मांडीवर ताठ बसून, मोठ्या माणसासारखी. मग तिनं ताटलीतली उरलेली चकती बोटानं माझ्याकडे सरकवली.

“आई, पण त्या दिवशी तू म्हणालीस संपव, आणि माझी जीभ म्हणाली नको, आणि जीभच खरी होती. मग उद्या भाजी करशील तेव्हा तू म्हणशील खा, आणि जीभ म्हणेल नको. तेव्हा मी कुणाचं ऐकू?”